मीखाची गाळलेली ओळ

माझी मोठी जाऊ सुईण होती. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं तिने पहिल्यांदा उलटी धरून रडवली, आणि ती मोठी होऊन चुकली तर समोर उभी करूनही रडवली. मी तिच्या प्रसूतिगृहातल्या चादरी धुवायची. तिच्या त्या जागेचं काय झालं हे लिहायला बसले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, तेव्हा शब्द थोडे वाकडे पडले तर चालवून घ्या.

प्रसूतिगृह म्हणजे चार खाटा, एक मोरी, पाणी तापवायचा बंब आणि बाहेर बाकं टाकलेली खोली. चर्चच्या मंडळींनी फार पूर्वी बांधलेलं. जाऊबाई शहरात रीतसर शिकून आली होती, पण तिथे राहिली नाही. "तिथे बाळं आणायला पुष्कळ जणी आहेत," म्हणायची. माझे दीर यावर कपाळाला हात लावायचे आणि मग गुपचूप बंब पेटवायला जायचे.

दर गुरुवारी संध्याकाळी त्या बाहेरच्या खोलीत चर्चचे पाळकसाहेब बायबलातल्या बारा लहान संदेष्ट्यांचं वाचन घ्यायचे. चर्चमध्ये का नाही, तर जाऊबाईने बजावलं होतं, मला वचन ऐकायचंय, पण बाळंतीण टाकून मी येणार नाही. म्हणून वचनच इकडे आलं. होशेयपासून मलाखीपर्यंत जायचं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

पाळक शिकवायचा मनापासून. हे मला नाकारता येत नाही, आणि म्हणूनच राग जास्त येतो. "लहान संदेष्टे म्हणजे कमी दर्जाचे नव्हेत," तो सांगायचा, "त्यांची पुस्तकं आखूड आहेत, एवढंच." येणारा राजा नम्रपणे गाढवावर बसून येईल हे जखऱ्याचं भाकीत तो दोनदा वाचून दाखवायचा. पण त्याचा खरा जीव मीखा या संदेष्ट्यावर. तो राजा राजधानीत जन्मणार नाही, बेथलेहेमात जन्मेल, जे गाव मोजायला घेतलं तर मोजणारा विसरून जाईल इतकं लहान. "देवाला मोठेपणाचं अप्रूप नाही," असं पाळक म्हणाला की जाऊबाई ताठ बसायची, जणू तिच्या चार खाटांचंच नाव घेतलं.

मीखाची पुढची ओळ मात्र तो दर वेळी गाळायचा. प्रसवणारी प्रसवेपर्यंत लोकांना वाट पाहावी लागेल, अशी ती ओळ.

"पाळकसाहेब, थांबा," जाऊबाई म्हणायची. "ही बाई कोण?"

"कुणी म्हणतात राजाची आई, कुणी म्हणतात सगळी प्रजाच. वादाचा मुद्दा आहे. पुढे जाऊ."

"वाद घालणारे घालोत. तिच्याजवळ कोण होतं?"

"संदेष्टा तसं काही सांगत नाही."

"कसा सांगेल? पुरुष ना, बाहेर बसला असणार."

बाकावरच्या बायका पदराआड हसायच्या. तेवढ्यात आतून कुणी कळ येऊन ओरडली की पाळक आवाज चढवून वाचायचा, म्हणजे ते ओरडणं ऐकू येऊ नये. जाऊबाई उठून आत जायची आणि त्याच्या तोंडावर दार लावून घ्यायची.

मग नदीपलीकडे मोठं हॉस्पिटल झालं आणि चर्चच्या विश्वस्त मंडळाला आमची जागा डोळ्यांत खुपायला लागली. एवढ्याशा खोलीसाठी वेगळी व्यवस्था कशाला, सगळ्या बायकांना तिकडेच पाठवा. मधे रेल्वेचं फाटक आहे, ते बंद असलं की मालगाडी जाईपर्यंत हलता येत नाही, हे एकाच्याही ध्यानात नव्हतं. पाच जणांचं मंडळ. दोघे बंद करा म्हणणारे, दोघे राहू द्या म्हणणारे, आणि पाचवा पाळक. आम्ही निवांत होतो. ज्या माणसाला मीखा पाठ, तो आणखी कुणाच्या बाजूने जाणार?

सभेला सगळी वस्ती लोटली होती. पाळक उठला, घसा साफ केला. "तुमच्या भावना मला कळतात. पण तिकडे डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत. या एवढ्याशा खोलीला धरून बसून काय होणार? इथून असं काय निघणार आहे?"

"तू निघालास," जाऊबाई म्हणाली.

चारचौघांत ती त्याला नेहमी अहो-जाहो करायची.

"खिडकीकडच्या खाटेवर," ती म्हणाली. "पायाळू होतास. तुझ्या आईला त्या दिवशी फाटकापाशी थांबावं लागलं असतं, तर आज इथे बोलायला तू नसतास."

लोक हसले. पाळकही हसला, कान लाल झाले त्याचे. अध्यक्षांनी बंद करण्याच्या बाजूने हात वर करायला सांगितले, आणि पायाळू जन्मलेल्या त्या माणसाचा हात मात्र अगदी वेळेवर वर आला.

तो अडाणी असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण त्याला सगळं ठाऊक होतं! लहान गावातून काय निघतं हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या लहान गावाचं कौतुक करायला काय लागतं? ते गाव दारात येऊन काही मागत नाही. आमची खोली मागत होती, आणि ती मागायला लागल्याबरोबर याला व्यवहार आठवला. लाज वाटायला हवी होती. मला त्याच्या वतीने वाटली, आणि त्याचाही राग आला.

खाटा गाडीत घालून नेल्या. महिना उलटायच्या आत पाववाल्याची सून बंद फाटकापाशी रिक्षात बाळंत झाली. सोबत जाऊबाई होती म्हणून दोघं जगली. बाळाला तिने स्वतःच्या पदरात गुंडाळलं. नंतर तो पदर मीच धुतला, आणि धुताना मंडळातल्या एकेकाचा उद्धार केला.

बाकं न्यायची राहिली होती, म्हणून गुरुवारचं वाचन चालूच राहिलं. फाटकाच्या त्या प्रकारानंतरच्या गुरुवारी नेमका मीखा आला. पाळकाने लहान गावाचं भाकीत खाली मान घालून वाचलं. मग त्याचं बोट सवयीने एक ओळ सोडून पुढे सरकलं.

"थांब," जाऊबाई म्हणाली. आतल्या रिकाम्या खोलीचं दार तिने सताड उघडलं आणि ती उंबऱ्यात उभी राहिली. "दर वेळी तू त्या बाईची ओळ गाळलीस. मी म्हटलं, जाऊ दे, ओळच आहे. आता खोलीच गाळलीस. वाच ती ओळ. मोठ्याने वाच, आज आत ओरडायला कुणी नाही."