पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची पाठ धरली, की मला बोलावणं येतं. पालथं झोपलेल्या माणसाच्या पाठीवर पाय टेकवायचा, झालं. चाळिशी उलटली, बँकेत नोकरी करते, तरी लोक जिना चढून येतात. मी चिडते आणि पाय देते.

आई महिनाभर खोकत होती. डॉक्टरचं नाव काढलं की तोंडात ज्येष्ठमध धरून बसायची. एका रविवारी सकाळी अशी उबळ आली, की ती उजवी कूस दाबून खालीच बसली. उसण भरली म्हणाली, पाय दे. मी म्हटलं, आधी डॉक्टर. ऐकेल तर ना! सतरंजीवर पालथी झालीसुद्धा. मला संताप आला होता, खोटं कशाला सांगू. एरवी नुसता टेकवते तो पाय त्या दिवशी जरा दाबला गेला.

आई ओरडली नाही, पण तिला पुरता श्वास घेता येईना. दोन शब्दांत दम लागत होता. कल्याणला पोचेपर्यंत रिक्षात मी तिचा हात घट्ट धरून बसले होते. आपणच तिची बरगडी मोडली, एवढंच डोक्यात होतं.

इस्पितळात छातीचा फोटो काढला. बरगडी मोडलेली, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली. लगेच छातीत नळी घालावी लागणार होती. पडल्या का, कुणी मारलं का, डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. नुसता खोकला," आई धापा टाकत म्हणाली.

"मी पाठीवर पाय दिलेला," मी म्हटलं.

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाले, क्वचित नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडते, तिचं टोक फुप्फुसाला लागतं. पण ती पायाआधी मोडली की पायाने, हे फोटोवरून सांगता येणार नव्हतं.

आई वाचली. दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या वहिनी कंबर धरून दारात आल्या. मी तोंड उघडायच्या आत आईने त्यांना सांगितलं, ती आता पाय देत नाही, डॉक्टरकडे जा.

त्या गेल्यावर मी धीर करून विचारलं, "आई, तेव्हा माझ्या पायाने काही झालं का गं?"

"खोकलाच होता तो," ती म्हणाली, आणि मान खाली घालून मेथी निवडत राहिली.