डाव्या पायाची काळजी

वहिनीचा फोन आला तेव्हा मला आधी तेजसचा पायच आठवला. माझा मोठा भाऊ, अण्णा, कधी आजारी पडला नव्हता. त्या घरातून अवेळी फोन यायचा तो पुतण्याच्या पायासाठीच. "ताई, हे मळ्यातून आलेच नाहीत..." एवढंच वहिनी बोलू शकली. अण्णा झेंडूच्या सरीत, बांधाला टेकून बसल्यासारखा सापडला, जीव केव्हाच गेलेला. त्याला आता महिना होत आला.

मखमलाबादच्या बाजूला अण्णाचा फुलांचा मळा. त्याचा एकुलता एक मुलगा फुटबॉलवर पोट भरेल असं आमच्यात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. गोव्याच्या एका क्लबाने तेजसला मिडफिल्डर म्हणून घेतलं, तेव्हा अण्णाने विचारलं, "म्हंजे नेमका कुठं उभा ऱ्हातो?" मैदानाच्या मध्यावर, हे ऐकून म्हणाला, "म्हंजे दोन्हीकडच्या लाथा खायला ह्योच." हसत म्हणाला खरा, पण तेव्हापासून त्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही.

आणि झालंही तसंच. पहिल्याच हंगामात तेजसचा डावा घोटा मोडला. बरा झाला की बघू, असं मोघम सांगून क्लबाने त्याला घरी पाठवलं. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. अण्णा झेंडूला पाणी द्यायचा आणि त्या ओल्या सरीतून पोराला अनवाणी चालवायचा. पोरगा पुढे, हा मागे वाकून, डावा ठसा उजव्याइतका खोल उमटलाय का ते बघत.

"डाव्यावर भार नाय देत तू."

"देतोय, अण्णा."

"मातीत दिसतंय मला."

ठसे सारखे उमटायला लागले, तेजस परत गेला, मुख्य संघातही आला. अण्णाची नजर मात्र त्या पायावरच अडकून राहिली. परतल्यावरची पहिली मॅच आम्ही टीव्हीवर बघत होतो. तेजसने असा लांब पास दिला की त्यावर गोल झाला. आम्ही सगळे ओरडलो. अण्णा विचारतोय, "काय झालं?" तो चेंडू बघतच नव्हता, डावा पाय बघत होता. मला हसूच आलं. संध्याकाळी तेजसचा फोन आला. "अण्णा, पास बघितला?"

"सूज नाय ना आली?"

पोरगा पलीकडून म्हणाला, "तुम्ही मॅच बघतच नाही." मला अण्णाचा रागच आला. पोराच्या आयुष्यातला केवढा दिवस!

पुढच्या मॅचला मैदानात उतरताना तेजस रेषेवर थांबला आणि त्याने डावा पाय दोनदा जोरात आपटला. अण्णा खुर्चीत मागे टेकला. "बरा हाय," म्हणाला. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा चेंडू बघितला. मग प्रत्येक मॅचला हेच ठरून गेलं.

दिवसकार्य उरकून तेजस परत गेला. त्याचा करार या हंगामापुरताच आहे, पुढचं कोणी सांगत नाही. गेल्या रविवारी मॅच होती. रिकामी बघवत नाही म्हणून वहिनीने अण्णाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. टीव्ही लावला तशी तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, आता आपटेल का हो तो? कोणासाठी आपटेल?"

पडद्यावर संघ मैदानात उतरत होता. तेजस रेषेपर्यंत आला... थांबला. खाली बघितलं. मग डावा पाय दोनदा आपटला.

वहिनी उठली. खुर्ची ओढत टीव्हीसमोर आणली, पदराने पुसली.

"पाय बरा हाय," ती खुर्चीला म्हणाली. "आता मॅच बघा."