मांडवचे धुके

मंगळवारी सकाळी भाऊ गेला. त्याचा चहा मी झाकून ठेवला होता.

माझ्या या थोरल्या भावाचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. तरी धुळ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त डोंगर त्याच्याच नावावर होते. देवगिरी, त्र्यंबक, तोरणमाळ. पायथ्यापर्यंत गाडी, पुढे जमेल तिथवर डोली, आणि डोली थांबेल तिथे बैठक. तोरणमाळच्या डोलीवाल्याने खांदा बदलताना त्याला ऐकवले होते, "भाऊ हलका शे, त्यानी बडबड भारी शे." हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे.

बसल्या जागेवरून तो बरोबरच्यांना वर पिटाळी. "दगड आणू नका. पुस्तकात नाही असं एक काहीतरी बघून या." उतरणाऱ्या अनोळखी माणसांनाही अडवून विचारी. मग घरी येऊन ओट्यावर असे सांगे, की जे खरोखर वर चढले होते तेही कामे टाकून ऐकत बसत.

माझे दोन्ही पाय धड होते. ते चुलीपासून विहिरीपर्यंत चालत, आणि नोकरी लागल्यावर मुलींच्या शाळेपर्यंत. वाचनालयातली प्रवासाची पुस्तके मी वाचायची, ओटा त्याचा. एकदा देवगिरीच्या अंधाऱ्या वाटेबद्दल मी त्याची चूक दाखवली. शेजारचे आबा म्हणाले, "पोरी, तू गेली होतीस का?" सगळे हसले. भाऊ हसला नाही, ते मला जास्त लागले.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या हिवाळ्यात नेहमीच्या सोबतीच्या चुलतभावाला रजा मिळेना, तेव्हा भाऊ म्हणाला, "मने, मांडवला तू चल." मांडव म्हणजे आग्रा रोडने नर्मदेपलीकडे गेल्यावर लागणारे, डोंगरावरचे जुने शहर. शहरापर्यंत मोटार गेली. कड्यावरचा महाल मात्र चढून जायचा. भाऊ चिंचेच्या सावलीत काठी आडवी ठेवून बसला. "वरून नर्मदा दिसते म्हणतात. बघून ये."

दिसली. खूप खाली, शेतांच्या पलीकडे, पांढऱ्या दोऱ्यासारखी. त्याच्या ओट्यावर न आलेले असे काहीतरी मी पहिल्यांदाच पाहत होते. उतरताना ठरवले, हे ओट्यावर जाणार नाही.

"धुकं होतं," मी म्हणाले. "काही दिसलं नाही."

सावली सरकून त्याच्या पायांवर ऊन आले होते. त्याने त्याकडे पाहिले. "बरं. मग धुकं कसं होतं ते सांग."

मी काहीबाही सांगितले. आठ दिवसांत ते धुके ओट्यावर आले, आणि त्याच्या सगळ्या गोष्टींत लोकांना तेच जास्त आवडले. "भाऊ, ते मांडवचं धुकं होऊ द्या," असे आबा वरचेवर म्हणत. मी आत भाकरी थापत ऐके. माझे खोटेसुद्धा त्याच्या तोंडी माझ्यापेक्षा चांगले वाटे.

शेवटच्या आजारात, सोमवारी दिवेलागणीला त्याने विचारले, "मने, ते धुकं अजून आहे का गं?"

म्हणजे त्याला तेव्हाच कळले होते. सांगायला दोन वाक्ये पुरली असती.

"आहे," मी म्हणाले.

"राहू दे मग. उद्या चहात आलं घाल थोडं."

आले घातले होते.

काठी दारामागे आहे. झाडताना मी ती उचलते आणि परत तिथेच ठेवते.