कुणीच न विचारलेले पाच प्रश्न

ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. आधी एकोणीस वर्षं त्या एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायच्या. ते बंद पडलं तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीस. दुसरं कुणी घरी बसलं असतं. ताई आमच्याकडे आल्या आणि सहा महिन्यांत आम्हां सगळ्यांच्या पुढे गेल्या. नवरा बसडेपोत मेकॅनिक. तो गमतीने म्हणायचा, "आमच्याकडे किराणाच्या यादीतसुद्धा स्वल्पविराम लागतो. नसला तर यादी परत येते."

आमचं काम सांगायला सोपं होतं. सर्चवर कुणी काही विचारलं की हजारो पानं निघतात, पण लोक उघडतात वरची दोन-तीनच. त्या दोन-तीनांत आमच्या गिऱ्हाइकाचं पान बसवायचं. त्यासाठी पान मोबाइलवर पटकन उघडायला हवं, मथळा नेमका हवा, आणि इतर जुन्या, भरवशाच्या साइटवरून त्याच्याकडे लिंक यायला हव्यात. लिंकांचं काम माझं. लिहिण्याचं ताईंचं. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये फक्त एक प्रिंटर होता.

लिहिण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं, कारण माणसं कशी विचारतात हे त्यांना कळायचं. "पुस्तकात असतं 'केशगळती'. बाई विचारते, 'केस मूठमूठ का जातायत?' आपण बाईसारखं लिहायचं," असं त्या मला सांगायच्या. आणि उत्तर पहिल्या दोन ओळींत द्यायचं. घाबरलेला माणूस तिसरी ओळ वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

नदीकाठी रंगाचा कारखाना सुरू होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा तिथले मॅनेजर आमच्याकडे आले. अगदी मृदू बोलणारा माणूस. त्यांना आरोग्याची माहिती देणारी एक साइट हवी होती, कारखान्याचं नाव कुठेही न येऊ देता. "समाजसेवा म्हणून," ते म्हणाले. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी ताईंसमोर ठेवला. त्यावर पाच प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली काय उत्तर द्यायचं तेही.

नळाच्या पाण्याला लोखंडासारखी चव का येते? तळहाताची कातडी जाड का होते? केस पुंजक्यांनी का गळतात? नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा कशाने येतात? चालतं मूल अचानक अडखळायला का लागतं?

कुठल्या भागातून कुठला प्रश्न महिन्याला किती जण विचारतात, याचा तक्ता आम्हांला स्क्रीनवर दिसायचा. ताईंनी पाचही प्रश्न घालून पाहिले. पाचही ठिकाणी शून्य.

"साहेब, आपल्या गावात हे कुणी विचारतच नाही. उगाच खर्च कशाला करता?"

मॅनेजरांनी चहाचा कप खाली ठेवला. "विचारतील," ते म्हणाले. उद्या सोमवार आहे म्हणावं, तसं.

ते गेल्यावर ताईंनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "विचित्र माणूस आहे." आणि कामाला लागल्या. मीही लागलो. स्पर्धाच नव्हती, त्यामुळे पंधरा दिवसांत पाचही पानं पहिल्या नंबरला गेली. मी अकरा साइटवर लिंका लावल्या, चार ठिकाणी पानं तशीच्या तशी छापूनही आणली. मालकांनी सगळ्यांना सामोसे खाऊ घातले.

दोन महिन्यांनी ताईंनी मला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. पहिल्या प्रश्नासमोर शून्याच्या जागी त्रेचाळीस होते. सगळे नदीकडच्या खालच्या वस्तीतले.

"जुने पाइप असतील," मी म्हणालो. हे आमच्याच पानावरचं उत्तर होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. ताईंच्या आलं असावं.

पुढच्या महिन्यात तळहात आले. त्यानंतर केस. कागदावर जो क्रम होता त्याच क्रमाने, एकामागून एक, आणि तिथूनच. आता आम्ही सकाळी आल्या आल्या आधी तो तक्ता उघडायचो. ताई तारखेसकट आकडे वहीत उतरवून घ्यायच्या. एकदा आकडे बघताना मी उठून खिडकी उघडली, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

नखांचा आकडा वर गेला तेव्हा ताई मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, त्या माणसाला हे आधीपासून माहीत होतं."

"म्हणजे गिऱ्हाइक हुशार आहे," मालक म्हणाले. "ताई, आपण पानं वर आणतो. पाणी तपासत नाही."

त्या परत येऊन बसल्या आणि दुसऱ्या कामाची फाइल उघडली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आम्हां दोघांनाही कळत होतं आणि आम्ही दोघेही गप्प राहिलो. सहा आठवडे. त्याला दुसरं नाव नाही.

ताईंची धाकटी जाऊ त्याच खालच्या वस्तीत राहायची, शिवणकाम करायची. तिला सहा वर्षांची मुलगी. या सहा आठवड्यांत ताईंनी तिला एवढंच सांगितलं होतं, "पाणी उकळून पीत जा." का, ते सांगितलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी ताई तिच्याकडे गेल्या. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. मुलगी आतल्या खोलीतून धावत आली आणि उंबऱ्याशी पडली. उठली, पुन्हा पडली. रडली नाही, फक्त पायाकडे बघत राहिली.

"हे कधीपासून?"

"झाले आठ-दहा दिवस. काळजीचं नाही हो," जाऊ मशीन थांबवून म्हणाली. "वाढीच्या वयात स्नायू आखडतात. कोमट पाण्यात रोज पाय बुडवायचे, पंधरा दिवसांत आपोआप बरं होतं. डॉक्टरकडे धावायची गरज नाही."

शब्दन् शब्द ताईंचा होता. 'आपोआप' हा शब्द त्यांनी मागाहून घातला होता, वाचणाऱ्याला धीर यावा म्हणून.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"सर्चवर बघितलं. पहिल्या नंबरला आहे."

"ते मी लिहिलंय."

जाऊचा चेहरा उजळला. "मग तर बरोबरच असणार! तुम्ही कधी काही चुकीचं जाऊ देता का?"

कोपऱ्यात प्लास्टिकचा टब होता. त्यात नळाचं पाणी होतं, कोमट केलेलं.

ताईंनी टब मोरीत उपडा केला, पोरीला कडेवर घेतलं आणि जाऊसकट रिक्षा करून थेट सरकारी दवाखाना गाठला. वही पर्समध्येच होती. मुलांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आधी त्यांनी पोरीची नखं पाहिली, मग ती वही. पानं उलटता उलटता त्या खुर्चीत सरळ बसल्या.

"हा क्रम तुम्हांला कुणी दिला? विष अंगात भिनत जातं तेव्हा असंच एकेक दिसतं."

"आम्ही पाणी उकळून घेतो," जाऊ म्हणाली.

"उकळून हे जात नाही. उलट पाणी आटून विष आणखी तीव्र होतं."

सोमवारी ताईंनी पानं काढायला सांगितली. मालक म्हणाले, साइट गिऱ्हाइकाची, चाव्याही त्याच्याच हातात. मी माझ्या लिंका काढायला बसलो; तीन निघाल्या, बाकीच्यांनी दाद दिली नाही. जी पानं आम्ही वर चढवली होती ती आम्हांलाच खाली ओढता येईनात. त्याच संध्याकाळी ताईंना नोकरीवरून काढलं. मी आठवड्याने सोडली. म्हणजे सहा आठवडे आणि एक.

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचे नमुने पाठवले, वहीच्या प्रती पाणीखात्याला दिल्या, स्वतः जाऊन बसल्या. अठराव्या दिवशी खालच्या वस्तीचे नळ बंद झाले आणि टँकर सुरू झाले. कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. मॅनेजर त्याआधीच गेले होते. चौकशीत निघालं की यापूर्वी ते दुसऱ्या एका गावात अशाच कारखान्यावर होते, तोही असाच अचानक बंद झाला होता. तिथल्या माणसांना काय काय आणि कुठल्या क्रमाने झालं, याचा कागद कुणाकडे नव्हता. त्यांच्याकडे होता, घडी घातलेला.

खालच्या वस्तीतले एकशे बारा जण उपचाराला आले. दोन म्हातारी माणसं गेली. ताईंची पुतणी वाचली. शाळेत जाते, पण डावं पाऊल उचलत नाही, ओढते.

ताई आता त्याच दवाखान्यात केसपेपर लिहितात. रोग्याने सांगितलं तसंच, त्याच्याच शब्दांत. घरी आल्यावर खऱ्या माहितीचं एक पान चालवतात, मी लिंका लावून देतो. ते सातव्या नंबरपर्यंत आलंय. त्यांचं जुनं पान अजून दुसऱ्यावर आहे.

जाऊने त्यांना कधी बोल लावला नाही. सणावाराला बोलावते, पानात वाढते, नीट बोलते. फक्त पूर्वी औषधाच्या बाटलीवरचं काही कळलं नाही, शाळेचा फॉर्म भरायचा असला, की ती आधी ताईंकडे यायची. आता येत नाही. परवा ताईंच्या समोर बसून तिने फॉर्मवरचा एक शब्द शेजारणीला फोन करून विचारला. ताई तिथेच होत्या, हाताच्या अंतरावर, भाजी निवडत.