कारण: मोबाईलवरचा गेम

सोनगीरच्या पुढे, महामार्गालगतच्या एका गावात बावीस वर्षांच्या मुलाने बापाला कुदळीच्या दांड्याने मारले. घाव तीन. पहिला खांद्यावर, पुढचे दोन डोक्यात. बाप ओट्यावरच गेला.

मी जळगावच्या कार्यालयात बसून धुळे आवृत्तीचे गुन्हेवृत्त पाहत असे. पान छपाईला सोडायला वीस मिनिटे होती. हवालदाराने फोनवर सगळे सांगितले, कारण सांगितले नाही. खुनाच्या बातमीला कारण लागते. 'कारण समजू शकले नाही' हे वाक्य आमच्या संपादकांना चालत नसे.

"पोराच्या मोबाईलमध्ये गोळीबाराचा गेम वगैरे होता का?" मी विचारले.

"आसंल ना भाऊ. आजकाल कोणाकडे नसतो? मन्हा मोबाईलमाबी शे," हवालदार हसला.

सकाळी पहिल्या पानावर मथळा होता: मोबाईल गेमच्या नादात बापाचा खून. मजकुरात 'पोलीस सूत्रांनुसार' हे दोन शब्द मी घातले होते. इतर पत्रांनीही तेच कारण उचलले. हिंसक गेममुळे मुले हिंसक होतात का, यावर रविवारसाठी मी अर्धे पान लिहिले. दोन डॉक्टरांशी बोललो. एक हो म्हणाले, दुसरे म्हणाले, आधी घर बघा. दुसऱ्यांचे मत मी शेवटच्या परिच्छेदात टाकले आणि जागेअभावी ते कापले गेले.

अकराव्या दिवशी त्या मुलाची आई भावाला घेऊन कार्यालयात आली. तिने घडी घातलेला अंक टेबलावर ठेवला.

"हाई तुम्हीन लिखं का?"

"हो, अक्का."

"मन्हा पोऱ्याना फोन दखा का तुम्हीन?"

"नाही पाहिला."

"मंग? बठ्ठा गावना पोऱ्या तो गेम खेयतस. बठ्ठास्नी बाप मारा का?"

गेम सगळ्या गावची पोरे खेळत होती; बाप एकाच घरात मेला होता. पुढचे तिच्या भावाने सांगितले. लग्नापासून नवरा तिला मारत होता. त्या दिवशी त्याने तिचे डोके ओट्याच्या दगडावर आपटले, केस धरून वर उचलले आणि पुन्हा आपटले. तेव्हा मुलाने दांडा घेतला. तिने पोलिसांना दिलेल्या जबाबात यातले काही नव्हते. जबाबाच्या सकाळी दिराने तिला आमची बातमी वाचून दाखवली होती: पेपरात कारण आले आहे, तेच सांग, घराण्याची अब्रू राहील. तिने तेच सांगितले. जबाबात जवळजवळ माझेच वाक्य उतरले होते. तो तसाच राहिला, तर आईला वाचवायला गेलेला मुलगा गेमच्या वेडात बापाला मारणारा ठरणार होता. शिक्षा जन्मठेपेची. दोषारोपपत्र अजून न्यायालयात गेले नव्हते.

नवऱ्याने मारलेल्या बायकांच्या बातम्या मी पंधरा वर्षे 'घरगुती वाद' या शब्दांत देत आलो होतो. चार ओळी. हाड मोडले असेल तर सहा.

मी संपादकांकडे खुलासा छापण्याची परवानगी मागितली.

"खुलासा कशाचा? जबाब तर आपल्या बातमीशी जुळतोय."

"जबाब आपल्या बातमीवरूनच घेतलाय."

"हे छापल्यावर धुळ्याचा एक तरी पोलीस तुमचा फोन उचलेल का?"

खुलासा छापला गेला नाही. दोन दिवसांनी मी त्या बहीण-भावासोबत धुळ्याला तपास अधिकाऱ्याकडे गेलो आणि लेखी दिले: गेमचा विषय मी काढला; मुलाचा फोन मी पाहिलेला नाही; गेम हे खुनाचे कारण आहे, असे मला कोणीही सांगितले नव्हते.

अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला. "पत्रकारसाहेब, स्वतःविरुद्धच तक्रार घेऊन आलात?"

"यांचा पुरवणी जबाब घ्या," मी म्हणालो.

महिला हवालदाराने तिला आतल्या खोलीत नेऊन दार लोटले. आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो. आतले स्पष्ट ऐकू येत होते.

"मानेवर हा चटका कशाचा?"

"तापेल चिमटाना."

"आणि ही दोन बोटं?"

"दगडखाले ठेचात."

"कधी?"

"पोऱ्या पोटमा व्हता तवय."

शेजारी तिचा भाऊ फरशीकडे पाहत होता. बोटांचे त्याला ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने हवालदार बाहेर आली आणि कारकुनाकडे आणखी कागद मागितले.