बर्फातलं देऊळ

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या हॉटेलात डोसे करणाऱ्या तमिळ काकांना आम्ही परदेशी शिकायला आलेले विद्यार्थी अण्णा म्हणायचो. डोसा उलटता उलटता ते कावेरीकाठच्या आपल्या गावचं देऊळ सांगायचे. उलथन्यानं हवेत गोपूर उभं करायचे, मग तळं, मग रथाचा रस्ता. "बाहेरून एक फेरी म्हणजे सातशे पावलं, तंबी!" तंबी म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटा भाऊ.

जानेवारीतल्या एका सकाळी ते मागच्या पार्किंग लॉटमध्ये एकटेच चालताना दिसले. ताज्या बर्फात त्यांच्या पावलांनी देवळाची भिंत उमटली होती. भिंतीच्या आत मात्र एकही पाऊल नव्हतं.

"आतलं पण काढा ना, अण्णा."

"आतलं कुठं ठाऊक? आजोबांना जात विचारून दारातूनच हाकललं. तेव्हापासून आमच्यातलं कुणी गेलं नाही." आणि ते चक्क हसले.

माझं डोकं भडकलं. मी ती रेषा ओलांडून आत जाऊन उभा राहिलो. "आता कायदा आहे! आणि हे तर पार्किंग आहे. या आत!"

त्यांनी बूट काढले, मोजे काढले. अनवाणी पाय रेषेपर्यंत आला आणि थांबला. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागच्या रिकाम्या बर्फावर होती. मान खाली घालून त्यांनी तिकडेच हळूच विचारलं, "येऊ का?"