बुधीने परत केलेलं कार्ड

बुधी मुकणेने कामावरून निघताना जी चूक केली, ती ऐकून शहाणी माणसं हसतात. हसू देत. तशी चूक करायला अंगात थोडा सरळपणा लागतो, आणि तो हसणाऱ्यांत फारसा दिसत नाही.

बाई वज्रेश्वरीजवळच्या पाड्यावरची. लग्नानंतरची बारा वर्षं तिने आणि तिच्या नवऱ्याने, चिंतूने, वीटभट्टीवर काढली. तिथली रीत अशी, की हंगाम संपला की मालकाचं जे जे आपल्याकडे असेल ते धुऊनपुसून त्याच्या अंगणात नेऊन ठेवायचं. फावडं, घमेलं, पाण्याचा पिंप, सगळं. एखादी वस्तू चुकून घरी राहिली, तर पुढच्या वर्षी चोर म्हणून नाव निघायचं. पुढे बुधी राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये ठेकेदाराकडून पॅकिंगला लागली आणि तीन वर्षं टिकली. दिवाळीनंतर माल कमी झाला, तसं ठेकेदाराने एका दिवसात अकरा बायका कमी केल्या. बुधीने भट्टीची रीत पाळली. गेटपास, निळं जाकीट, टेप कापायचा कटर आणि त्यांच्यासोबत ईएसआयचं कार्डही तिने सुपरवायझर केसरीनाथच्या टेबलावर नीट मांडून ठेवलं.

हे कार्ड सरकारी विम्याचं. पगारातून दर महिन्याला थोडं कापलं जायचं, थोडं ठेकेदार भरायचा, आणि त्यावर बुधीला व तिच्या घरच्यांना विम्याच्या दवाखान्यात फुकट इलाज मिळायचा. केसरीनाथने कार्ड ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि सांगितलं की काम गेलं तसं हेही गेलं. जणू कायदा त्याच्याच घरी जन्मला होता अशा थाटात त्याने ते सांगितलं. बुधीने मान डोलावली आणि टेम्पो पकडला.

घरी चिंतूने पहिला प्रश्न विचारला तो ऑपरेशनचा. त्याला हर्निया होता. पाड्यावर त्याला आतडं उतरणं म्हणतात. खोकला आला तरी तो जांघ हाताने दाबून धरायचा. विम्याच्या हॉस्पिटलने फेब्रुवारीची तारीख दिली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. आता तारीख होती आणि कार्ड नव्हतं. चिंतू म्हणाला, राहू दे, मी जड उचलणार नाही, निभावून नेऊ. हे तो इतक्या समजूतदारपणे म्हणाला, की बुधीला त्याचाच राग आला. दोन महिने ती तो राग गिळून रानातून लाकडं आणत राहिली.

जानेवारी सरता सरता चिंतूचं दुखणं वाढलं, तेव्हा ती उठली आणि निजामपुऱ्यात माजिदाकडे गेली. माजिदा पॅकिंगच्या लायनीत तिच्या शेजारी उभी राहायची आणि त्याच दिवशी कमी झाली होती. तिच्या घरी एके काळी स्वतःचे लूम, कापडाचे यंत्रमाग, होते, त्यामुळे मालक लोक काय काय करतात हे तिने आतून पाहिलेलं. बुधीने कार्ड परत दिलं हे ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अगं, ते कार्ड ठेकेदाराचं नव्हतंच. तुझं होतं," माजिदा म्हणाली. "एप्रिल ते सप्टेंबरमध्ये अठ्ठ्याहत्तर दिवसांचे पैसे भरले असले, तर जानेवारीपासून जूनपर्यंत इलाज चालू राहतो. नोकरी असो की नसो."

बुधीने तिला हे दोनदा म्हणायला लावलं. ते सहा महिने तर तिने एक खाडा न करता भरले होते. दुसऱ्या दिवशी दोघी राहनाळला पोहोचल्या.

केसरीनाथने कार्ड द्यायला नाही म्हटलं नाही. ड्रॉवर उघडला, कार्ड दाखवलं आणि सोबत एक कागद पुढे केला. बाकीच्या बायकांनी सह्या केल्यात, तूही कर आणि घेऊन जा, असं तो म्हणाला. माजिदाने कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, की मी माझ्या मर्जीने काम सोडत आहे. तिने बुधीच्या कानाशी लागून सांगितलं की कर सही, ऑपरेशन आठ दिवसांवर आलंय. बुधीने कार्डावरच्या आपल्या फोटोकडे पाहिलं. सही तिला येत होती, रात्रशाळेत शिकली होती.

"शेठ, मी काम सोडलं न्हाय," ती म्हणाली. "तुमी काढलं. ह्यो कागद खोटं बोलतो."

मग कार्ड इथेच राहील, असं केसरीनाथने सांगितलं. राहू द्या, म्हणून ती वळली. गेटबाहेर आल्यावर मात्र ती भिंतीशी थांबली. आपल्या एका शब्दापायी आपण नवऱ्याचा जीव टांगणीला लावला, हे तिला कळत होतं. ती भ्याली, खूप भ्याली, पण परत आत गेली नाही.

माजिदा आधी चिडली, मग तिने बुधीला रिक्षात बसवलं आणि थेट विम्याच्या कचेरीत आणलं. खिडकीवरच्या साहेबांनी नंबर विचारला. नंबर कार्डावर, कार्ड ड्रॉवरमध्ये. मग त्यांनी आधार घेतलं, मोबाईल नंबर घेतला, आणि कॉम्प्युटरवर बुधीचा तोच फोटो आला. इलाज तीस जूनपर्यंत चालू होता. साहेबांनी नवीन कार्ड छापून दिलं आणि हे कुणाच्याही हाती देऊ नका असं सांगितलं. जाता जाता त्यांनी हेही वाचून दाखवलं, की ठेकेदाराने काम सुटल्याचं कारण नोव्हेंबरातच भरलंय: स्वतः सोडलं. सहीचा कागद त्या थापेला मागाहून टेकू द्यायला होता. इलाजाला त्याने काही फरक पडत नाही, असं साहेब म्हणाले. बुधीने नवीन कार्ड पदराच्या गाठीत बांधलं.

ठरल्या तारखेला चिंतूचं ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी टाके निघाले, आणि तो जांघ हाताने न दाबता खोकून दाखवू लागला. त्याला वाटलं आता घरची बस पकडायची. बुधी त्याला घेऊन पुन्हा विम्याच्या कचेरीत गेली आणि माजिदाकडून लिहून घेतलेला अर्ज तिने खिडकीतून आत सरकवला. खाली तिची सही होती.

साहेबांनी अर्ज वाचला. बाई, इलाज झाला, माणूस बरा झाला, आता यातून काय मिळणार, असं त्यांनी विचारलं. बाकावर बसलेल्या चिंतूच्या तोंडावरही तोच प्रश्न होता.

"इलाज माझ्या हक्काचा व्हता, त्यो घेतला," बुधी म्हणाली. "आता माझ्या नावावर खोटं लिवलंय, ते पुसा."

साहेबांनी समजावलं, की हे एका दिवसाचं काम नाही. ठेकेदाराला नोटीस जाईल, चौकशी होईल, तिला पाच-सहा वेळा यावं लागेल, फार वेळ जाईल.

बुधीने पोच घेण्यासाठी हात पुढे केला.

"येळ हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "ठेकेदारानंच दिलाय."